आधी बाईंना सांगून येते

कौसल्याबाई हरिणखेडे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाचे काम माझी मुलगी सोनल पाहते. तिने मला लेख मागितला तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटले. माझ्या हातून गौरव व्हायचा नाही, गाऱ्हाणे होईल, असेही सांगितले. ती म्हणाली, मग गाऱ्हाणे लिही, बाईंना तेच जास्त आवडेल. तिच्या या उत्तरातच माझे निम्मे गाऱ्हाणे आले. बाईंना काय आवडते हे तिला बसल्याजागी ठाऊक असते. मला काय आवडते हे तिला आजही विचारावे लागते.

तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते. गेली वीस-बावीस वर्षे मी बाईंवर जळते आहे. गौरवग्रंथात असे लिहू नये हे मला कळते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी उभा जन्म मुलांना निबंध शिकवण्यात घालवला. थोर व्यक्तीवर लिहिताना काय लिहावे आणि काय गाळावे हे मीच फळ्यावर लिहून दिले आहे. पण बाईंविषयी गुळगुळीत लिहिले तर त्या सत्काराच्या दिवशी भर मंडपात मला उभे करतील. त्यांची शिटी अजून त्यांच्या पर्समध्ये असते.

प्रथम परिचय कसा झाला ते सांगते. बाई तेव्हा अर्जुनी मोरगावच्या हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवत होत्या. सोनलचे वडील त्याच शाळेत लिपिक. आमचे घर तिथून जवळच्या खेड्यात, तलावाच्या पाळीखाली. सोनल वर्षाची होत आली होती आणि तोवर तिचे हाड किती वेळा मोडले हे आम्ही बोलायचे सोडून दिले होते. कपडे बदलताना मांडी मोडली. बारशाला आलेल्या मावशीने हौसेने उचलली तर दंड मोडला. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर होता. सासूबाईंना त्याचे कोण कौतुक! कृष्णाचे डोळे आहेत म्हणायच्या. ती निळाई हाडांच्या दुखण्याची खूण आहे हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. गावात मात्र हळूहळू कुजबुज सुरू झाली होती की ही मास्तरीण पोरीला आपटत तर नसेल.

आमच्याकडे नव्या बाळाला सुपात निजवतात, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. बारसे झाले की सूप जागेवर जाते. आमच्या घरात ते गेलेच नाही. सोनलला हात लावायची कोणाची छाती होईना, तेव्हा सुपात कापसाची गोधडी घालून तिला त्यातच ठेवायचे आणि सुपासकट इकडून तिकडे न्यायचे, अशी रीत पडली. ती मोठी झाली तसे सासऱ्यांनी बुरडाकडून मोठे सूप विणून घेतले. अंगणात ऊन खायला सूप, पंगतीजवळ सूप, दवाखान्यात जातानाही सूपच. मी तिला सुपातच दूध पाजायची, वाकून. लेकरू जपण्याचा याहून चांगला उपाय नाही अशी आमच्या सगळ्या घराची खात्री होती.

एका रविवारी बाई न बोलावता आल्या. साडीखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. ओसरीवर बूट काढून त्या थेट सुपाशी गेल्या, वाकून पाहिले आणि मला म्हणाल्या, "हे काय वं? तांदूळ होय का हे, सुपात ठेवाले?"

नका उचलू जी, मोडते, असे मी ओरडेपर्यंत त्यांनी एक पंजा पसरून सोनलच्या बुडाखाली घातला होता आणि दुसरा पाठीमागून मानेपर्यंत. कुठे चिमटीत धरणे नाही, कुठे ओढणे नाही. सगळे लेकरू त्यांच्या दोन तळव्यांवर आले आणि तिथून त्यांच्या खांद्यावर गेले. काही मोडले नाही. उलट सोनल हसली. तोंड उघडून, पोट हलवून हसली. सुपात निजून तिला आजवर फक्त घराचे छप्पर नाहीतर वरचे आभाळ दिसले होते. खांद्यावरून तिला अंगण दिसले, गाय दिसली, तलावाची पाळ दिसली.

मी तिची आई. ते हसू पहिल्यांदा पाहिले ते दुसऱ्या बाईच्या खांद्यावर. मला आनंद व्हायला हवा होता, असे वाचणाऱ्याला वाटेल. मला तसे काही झाले नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईंना हे सगळे कसे माहीत, हे नंतर कळले. त्यांच्या शाळेत पूर्वी असेच दुखणे असलेली एक मुलगी होती. इतरांनी तिला पटांगणाच्या कडेला बसवून ठेवले होते. बाईंनी नागपूरला नेऊन तिला दाखवले, हाडांच्या डॉक्टरांकडून तिला कसे धरायचे ते शिकून घेतले आणि काही काळ तिचे उपचारही चालवले. मग पैसे येणे थांबले आणि उपचार थांबले. पुढे ती मुलगी शाळेत आली नाही. बाई तिचे नाव घेत नाहीत, आणि आम्हीही कधी विचारत नाही.

त्या पहिल्या रविवारी त्यांनी मला सगळे नीट समजावले. काखेत धरून उचलायचे नाही, हाताला धरून ओढायचे नाही, लंगोट बदलताना पाय वर करायचे नाहीत. मी मान हलवत राहिले आणि त्या गेल्यावर सोनलला पुन्हा सुपात ठेवले. आठवडाभर बोटसुद्धा लावले नाही. पुढच्या रविवारी बुटांचा आवाज आला तशी सुपातली पोर दोन्ही हात हलवू लागली. माझ्यासाठी ती कधी असे हात हलवत नव्हती. बाईंनी तिला उचलले, आंब्याच्या झाडापर्यंत नेऊन आणले, गाईच्या कपाळाला तिचा हात लावला. मी उभी आहे की बसली, त्यांनी वळूनही पाहिले नाही. माझ्याच अंगणात मी परकी होऊन बसले.

त्यानंतर मी दुपारी दार लावून उशीवर सराव केला. उशीखाली एक पंजा, मागे एक पंजा. मग धीर करून सोनलवर. ती मोडली नाही. पुढच्या रविवारी बाईंचे बूट ओसरीवर वाजायच्या आत मी तिला खांद्यावर घेऊन अंगणात उभी होते. बाईंनी एकवार पाहिले, ओसरीवर बसल्या आणि चहा मागितला. शाबासकी नाही, काही नाही. मला वाटले, आता बाईंना झोंबले. मला इतके बरे वाटले की चहात साखर जास्त पडली.

यानंतर नागपूर सुरू झाले. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, ते बरे होणारे नाही हेही सांगितले. पण दर काही महिन्यांनी शिरेतून औषध दिले तर हाडात बळ येते, आणि मूल वाढल्यावर मांडीच्या, पायाच्या हाडांत सळ्या घातल्या तर ते उभे राहू शकते. सुपात निजवून ठेवले तर मात्र हाड आणखी कमजोर होते. हे ऐकून सासऱ्यांनी ते मोठे सूप गोठ्याच्या माळ्यावर टाकले.

आता प्रश्न पैशाचा. श्रीमंत देशांत असे मूल जन्मले की सोय आपोआप होत असेल. आपल्याकडे धान पिकवणाऱ्याच्या घरी ते जन्मले तर बापाने काय विकावे? बरे, हे दुखणे हजारोंत एखाद्याला. त्याच्यासाठी ना मोर्चा निघतो, ना पुढाऱ्याला ते ठाऊक असते. बाईंनी कपाळाला हात लावून घेतला नाही, पण एक गोष्ट त्यांना पहिल्या मुलीपासून कळून चुकली होती. त्या म्हणायच्या की हाड पहिल्यांदा मोडते तेव्हा सगळे गाव धावते, पाचव्यांदा नातेवाईक येतात, दहाव्यांदा कुत्रेही येत नाही. या पोरांना दर काही महिन्यांनी औषध पाहिजे, पंधरा-सोळा वर्षे पाहिजे. तेव्हा पैसा असा पाहिजे की जो न मागता दरवर्षी परत येईल. आमच्या भागात न मागता दरवर्षी काय येते? मंडई येते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी घराघरांत पाहुणे मावत नाहीत. लेकी येतात, जावई येतात, शिंगाड्यांचे आणि उसाचे ढीग लागतात, दिवसा दंडार हे आमचे लोकनाट्य नाचते आणि माइकवर सारखा आवाज घुमत असतो. दंडारीतल्या नाच्याला कोणी बक्षीस दिले की देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव माइकवरून पुकारतात. एकाचे नाव पुकारले की दुसऱ्याच्या पोटात दुखते, आणि तो त्याहून मोठे बक्षीस देतो. ही आमची जुनी चाल. बाईंनी त्या माइकशेजारी खुर्ची टाकली.

त्यांनी आधी जावई धरले. सासरवाडीच्या मंडईत आलेला जावई म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. चारचौघांत त्याला लहान होणे परवडत नाही. माझ्या माहेरच्या मंडईत सोनलचे वडील मजेत शिंगाडे सोलत बसले होते. माझ्या भावाने एका पोराच्या औषधाला पैसे दिले ते बाईंनी पुकारले, आणि त्याच दमात विचारले की साळ्याने तर दिले, पण हायस्कुलातले जावईबापू मंडपात बसले आहेत ते काय म्हणतात बाप्पा? सगळा मंडप वळून पाहू लागला. सायकल मोडकी म्हणून नव्या सायकलसाठी साठवलेले पैसे त्या दिवशी गेले, तेही दुसऱ्याच्या पोरासाठी. मी घरी येऊन भांडले. ते म्हणाले, मी तरी काय करू, तुझ्या भावाने सुरुवात केली. पुढे वर्षभर ते मोडक्या सायकलवर शाळेत गेले आणि बाई रोज फाटकाशी त्यांना विचारायच्या, सायकल काय म्हणते.

हळूहळू पद्धत ठरली. एकेका गावाने एकेक पोर उचलायचे. त्यात बाईंचा एक नियम होता आणि तो त्यांनी आजवर मोडू दिलेला नाही : कोणत्याही गावाला त्याच गावचे पोर मिळायचे नाही. आपले पोर तर सगळेच पाहतात, त्यात काय मोठे, असे त्या म्हणत. या नियमाचे मोल मला आई म्हणून कळते. आपल्या मुलीसाठी आपल्याच गावापुढे हात पसरायची वेळ बाईंनी एकाही आईवर येऊ दिली नाही. सोनलला तलावापलीकडच्या गावाने उचलले. आम्ही दुसऱ्याच गावातला एक मुलगा उचलला. मग आठवडी बाजारात ऐकू यायचे, आमच्या पोराच्या पायात सळी बसली, तुमच्याचे काय? एका मंडईत तर दोन गावांचे लोक आमचे पोर चांगले चालते की तुमचे, यावरून हातघाईवर आले. ज्यांच्यावरून भांडण चालले होते ती दोन पोरे मंडपाच्या खांबाला टेकून एकाच उसाची कांडी वाटून खात होती.

मी एकदा बाईंना विचारले, लोकांना असे एकमेकांवर पेटवून पोरांची औषधे करायची, हे शोभते का जी? त्या म्हणाल्या, "दया येते अन् जाते, वं. शेजाऱ्याची चढाओढ कुठं जाते?"

त्यांच्या कामाचे मोठेपण मी नाकारत नाही. अर्जुनीपासून देवरीपर्यंत आज कितीतरी मुले या मंडईच्या पैशावर उभी आहेत. काही चालतात, काही चाकाच्या खुर्चीवर कॉलेजात जातात. पण माझे दुखणे वेगळे आहे. तलावापलीकडचे गाव म्हणते, आमची सोनल. बाई माइकवरून म्हणतात, माझी सोनल. माझी! मंडपात टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेत पदर आवळून बसलेली असते. बाईंना स्वतःचे मूल नाही म्हणून त्यांनी माझे घेतले, असे मी मनात कितीदा तरी म्हटले असेल.

तिच्या पहिल्या पावलाचीच गोष्ट घ्या. पायांत सळ्या पडल्या, प्लास्टर निघाले, महिनोन् महिने व्यायाम चालला. रोज तिचे पाय चोळणारी मी, पाण्याच्या टाकीत तिला धरून उभी राहणारी मी. आणि नेमकी माझी निवडणुकीची ड्यूटी लागली, जंगलातल्या एका केंद्रावर. त्या दिवशी बाई तिला हायस्कूलच्या पटांगणात घेऊन गेल्या. वॉकर धरून ती उभी राहिली, बाईंनी शिटी वाजवली आणि माझी लेक गोलपोस्टपर्यंत चालत गेली. मी मतपेट्या जमा करून एस.टी.ने परतले तर स्टँडवर हिचे वडील डोळे पुसत उभे. काय झाले म्हणून मी त्यांचा हात धरून विचारले. त्यांनी आनंदाची बातमी सांगितली आणि मी भर स्टँडवर रडले. लोकांना वाटले आनंदाने रडते आहे.

त्यानंतर मी बाईंशी अबोला धरला. बरेच महिने धरला. बाई दर रविवारी येत राहिल्या, चहा पीत राहिल्या, सोनलला व्यायाम देत राहिल्या. मी बोलत नाही हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. अबोला धरायचा तर तो समोरच्याला कळला तरी पाहिजे. शेवटी मीच कंटाळून बोलायला लागले.

सोनल मोठी झाली तशी तिच्या तोंडी एक वाक्य बसले. "आधी बाईंना सांगून येते." दहावीचा निकाल लागला, आधी बाईंना सांगून येते. बँकेची परीक्षा पास झाली, आधी बाईंना. मागे दोन जास्तीची चाके लावलेली स्कूटर आली; तिची पूजा मी केली, नारळ मी फोडला, आणि गाडी पहिल्यांदा वळली ती बाईंच्या घराकडे. पुढे तिची नोकरी गोंदियाला लागली आणि कधीच्या निवृत्त झालेल्या बाईही गोंदियाजवळ मुर्रीला भाच्याकडे राहायला गेल्या. आता तर काय, बँक सुटली की वाटेतच मुर्री. मी फोन लावते तर फोन व्यस्त. कोणाशी बोलत असेल हे मला विचारावे लागत नाही.

बाईंच्या माझ्यावरील उपकारांचीही नोंद केली पाहिजे, नाहीतर लोक मला कृतघ्न म्हणतील. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा बाईंनी सुट्टी काढून आमच्याकडे मुक्काम केला. गावातली ती कुजबुज त्यांनीच थांबवली. मंडईच्या माइकवरून सगळ्यांना दुखणे समजावून सांगितले आणि ज्यांना या बाईवर शंका आहे त्यांनी समोर येऊन बोलावे असे आव्हान दिले. कोणी आले नाही. माझी बदली दूर झाली तेव्हा त्या माझ्याबरोबर जिल्हा परिषदेत आल्या आणि साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहिल्या. बदली रद्द झाली. मी आभार मानले तर म्हणाल्या, आभार कायले, सोनलचा व्यायाम बुडला असता. म्हणजे तेही माझ्यासाठी नव्हतेच.

गेल्या पावसाळ्यात बाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. पोरांची हाडे सांभाळता सांभाळता त्यांची स्वतःची केव्हा ठिसूळ झाली ते त्यांना कळले नाही. गोंदियात ऑपरेशन झाले, हाडात स्क्रू बसले. सोनल रोज जात होती. मी एकदा जाऊन आले होते. आणि मग एक दिवस मला बाहेरच्या माणसाकडून कळले की माझ्या मुलीने स्वतःसाठी मुलगा पसंत केला आहे आणि ही गोष्ट तिने बाईंना, त्या पलंगावर असताना, आधीच सांगितली आहे. मला हे त्या मुलाच्या आईने फोनवर सांगितले. तिला वाटले मला माहीत आहे. मी हो हो म्हणत राहिले.

त्या दिवशी मी ठरवले की आता पुरे झाले. अर्जुनीहून गाडी धरली आणि मुर्रीला गेले. काय काय बोलायचे ते वाटेत सगळे जुळवले होते. दारातून आत गेले तर भाचेसून बाईंना उठवून बसवत होती. बिचारी चांगली बाई, हिंदी बोलणारी, सेवेत कसूर नाही. पण ती बाईंचे दोन्ही हात धरून ओढत होती आणि बाई ओठ दाबून कळ सोसत होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. तिला म्हटले, हाथ मत खींचो, आणि माझा एक पंजा बाईंच्या पाठीखाली मानेपर्यंत गेला, दुसरा मांडीखाली. तिला पलीकडून चादर धरायला लावली. बाई अलगद उठून उशीला टेकल्या. कळ आली नाही.

बाईंनी माझ्या हातांकडे पाहिले. मग म्हणाल्या, "शिकली म्हनायची."

एवढ्या वर्षांनी शाबासकी! माझे जुळवलेले भांडण तिथल्या तिथे विसरायला झाले. पण मी खाली बसले आणि विचारायचे ते विचारलेच. म्हटले, बाई, माझ्या अंगणात येऊन तुम्ही माझी मुलगी उचलायच्या, मला पाहायच्यासुद्धा नाहीत. मला काय होत होते हे तुम्हांला कळत नव्हते का जी?

बाई हसल्या. खुबा दुखत असेल म्हणून जपून हसल्या. म्हणाल्या, "कळत होतं म्हून तर उचलत होतो. तू भेत होती. भेनारी माय पोराले हात लावत नाही, कितीबी समजाव. जळणारी लावते."

मंडईच्या माइकशेजारी खुर्ची टाकण्याच्या कितीतरी आधी बाईंनी ही युक्ती माझ्यावर करून पाहिली होती. माझी लेक माझ्या खांद्यावर आली ती माझ्या हेव्यामुळे, आणि तो हेवासुद्धा माझा स्वतःचा नव्हता. तोही बाईंनीच दिलेला. आता या बाईवर जळायचे तरी कसे, सांगा. तरी मी जळले. म्हटले, मग आता तरी मला परत द्या तिला. मुलगा पसंत केला तो तुम्हांला आधी सांगितला.

त्यावर बाईंनी पाठीमागची उशी नीट करून घेतली. मग म्हणाल्या, "थे मायाजवळ सांगाले येते. माया डोळ्यात पाणी येत नाही, म्हून तिले बोलता येते. पण रडाले थे कोणाजवळ जाते, आठव."

मी आठवले. प्रत्येक वेळी हाड मोडले तेव्हा ती माझ्याकडे आली. बँकेतल्या कोणी तिच्या उंचीवरून बोलले तेव्हा ती मुर्रीवरून न थांबता सरळ अर्जुनीला आली होती, आणि काही न सांगता माझ्या मांडीवर डोके ठेवून निजली होती. आजी गेली तेव्हाही माझ्याकडेच. आनंद बाईंकडे, रडे माझ्याकडे, अशी ही वाटणी इतकी वर्षे चालू होती आणि मी नुसती आनंदाच्याच मागे धावत होते. त्या दिवशी मी भांडायला गेले होते ते भाचेसुनेला बाईंना कसे उचलायचे ते शिकवून, चहा पिऊन परत आले. चहात साखर कमी होती. ते मी बाईंना सांगितले नाही.

बाई आता काठी घेऊन चालतात. या दिवाळीनंतरच्या मंडईत त्या पुन्हा माइकशेजारी बसल्या होत्या आणि कोण्या गावाच्या जावयाला त्यांनी पूर्वीसारखेच घामाघूम केले. येत्या लग्नसराईत सोनलचे लग्न आहे. अक्षता पडल्यावर ती आधी कोणाच्या पाया पडेल हे मला ठाऊक आहे, आणि मी आत्तापासून मनाची तयारी करते आहे. तयारी होत नाही.

आता शेवटी शुभेच्छा द्यायच्या. बाई, तुम्ही खूप जगा. मी हे चांगुलपणाने म्हणत नाही, माझ्या स्वार्थाने म्हणते. सोनलची प्रत्येक बातमी तुमच्याकडे आधी जाते आणि मग माझ्याकडे येते. फक्त एक बातमी अशी आहे की जी ती तुम्हांला आधी सांगू शकणार नाही. ती घेऊन तिला सरळ माझ्याकडेच यावे लागेल, आणि त्या दिवशी तिला माझ्या मांडीवरून उचलायला तुम्ही नसाल. इतकी वर्षे मी पहिल्या मानासाठी जळले, पण तो मान मला नको जी. शंभरी गाठा, तिच्याही पुढे जा, चहाला दर रविवारी या, आणि मला जन्मभर दुसऱ्याच नंबरावर ठेवा.